राठोड मॅडमचा आठ आठवड्यांचा प्रयोग

शाळा सुटल्यावर राठोड मॅडम प्रयोगशाळेतल्या गॅसच्या तोट्या तपासायच्या. तोट्या सहा. प्रत्येकीवर बोट टेकवायचं, ओठातल्या ओठात आपल्या बंजारा बोलीत मोजायचं, "एक, दी, तीन, चार...", आणि सहावीपाशी पोचलं की परत पहिलीपासून. असं तीनदा. मग दाराला कुलूप. मग कुलूप ओढून बघायचं. एवढं करून फाटकापर्यंत गेल्यावर त्या बहुतेक दिवशी थांबायच्या आणि माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "वंदना, एकदा बघून येतीस का?" मी परत जायची, बघून यायची, "बंद आहेत" म्हणायची. त्या जोडणीचा सिलिंडर दोन वर्षांपासून रिकामा होता. ते मला माहीत होतं, तसं त्यांनाही माहीत होतं.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकडा गावी आमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका चंचुपात्रातलं द्रावण दाखवून रंग विचारला होता. मी म्हटलं, "निळं वाटतंय." त्यांनी पात्र खाली ठेवलं. "वाटतंय म्हणू नको. दिसतंय का निळं? मग दिसतंय म्हण." नंतरच्या नऊ वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की घरी सासूबाई "आज पाऊस येईल असं वाटतंय" म्हणाल्या तरी मला हसू यायचं.

सुलोचना राठोड तांड्यावरून शिकून विज्ञानाची पदवी घेणारी पहिली मुलगी. लग्न केलं नाही. गावात एक खोली भाड्याने घेऊन राहायच्या, आई कळमनुरीच्या पुढे माळावरच्या तांड्यात. वर्गात त्या पुस्तकातली मराठी बोलायच्या आणि प्रयोगशाळेत आल्या की चप्पल काढावी तशी ती मराठी काढून ठेवायच्या. एकदा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, भूत नसतं ना?" सगळ्यांना वाटलं, आता मॅडम ठासून सांगतील. त्या म्हणाल्या, "मला अजून दिसलं न्हाई. पण न्हाई म्हणायला बी पुरावा लागतो. तू शोध, मी शोधते." ती मुलगी महिनाभर भुताचा पुरावा शोधून वहीत लिहीत होती, आणि मॅडम दर शनिवारी ती वही खरोखर तपासत होत्या.

करोनाच्या टाळेबंदीनंतर त्यांचं तपासणं वाढत गेलं. आधी तोट्या, मग खोलीचं कुलूप, मग हजेरीपटाची बेरीज. नंतर त्यांना बसमध्ये बसवेना. नांदेडला जायला एसटीत चढायच्या आणि अर्ध्या वाटेत घंटी वाजवून उतरायच्या. "छातीत घोडं पळून राहतं," त्या सांगायच्या. "काय व्हनार हाय ते कळत न्हाई, पण व्हनार हाय हे पक्कं वाटतं." 'वाटतं' हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला बरं वाटलं नाही.

नांदेडच्या एका मानसोपचार डॉक्टरकडे त्या वर्षभर गेल्या. हे शाळेत फक्त मला माहीत होतं. गोळ्यांनी भीती कमी झाली, पण वर्गात बोलता बोलता त्या मध्येच थांबायच्या, पुढचा शब्द शोधत राहायच्या. "गोळीनं भीती जाती," त्या म्हणाल्या, "पण तिच्यासंगं मी बी जाते." डॉक्टरांना न सांगताच त्यांनी गोळ्या सोडल्या. पुढच्या दोन महिन्यांत त्यांचे गाल बसले. फळ्यावर लिहिताना खडूची रेघ थरथरायची, आणि पोरी एकमेकींकडे बघायच्या.

त्या दिवाळीत त्यांचा धाकटा भाऊ प्रकाश बेंगळुरूहून आला. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. जाताना त्याने बहिणीला एक छोटी पुडी दिली. दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी, शाळा सुटल्यानंतर, मॅडमनी प्रयोगशाळेचं दार आतून लावलं आणि ती पुडी टेबलावर ठेवली. आत तपकिरी भुकटी होती, वाळलेल्या अळंबीची.

"नशा येती अशी अळंबी असती, ती हाय ही," त्या म्हणाल्या. "पण नशा यायला लागते त्याच्यापेक्षा लई बारीक मात्रा घेतात. मायक्रोडोस म्हणतात. कळत बी न्हाई घेतलेलं. प्रकाशच्या हापिसात लोक घेतात. मन हलकं राहतं म्हणतो."

"मॅडम, हे बाळगणं गुन्हा आहे."

"माहीत हाय."

"नोकरी जाईल. तुमची बी, माझी बी."

"माहीत हाय, वंदना." त्यांनी पुडी बंद केली. "पण मला दर सकाळी उठल्यावर मरण आल्यावानी व्हतं. तू सांग, मी कशाला भिऊ?"

मग त्यांनी जे सांगितलं ते फक्त त्याच सांगू शकल्या असत्या. प्रकाशवर त्यांचा विश्वास नव्हता. तो म्हणतो बरं वाटतं, पण वाटणं म्हणजे पुरावा नाही. त्यांना प्रयोग करायचा होता. नव्या औषधाची परीक्षा करतात तसा. काही कॅप्सूलमध्ये भुकटी, काहींमध्ये नुसतं पीठ, आणि घेणाऱ्याला कोणती कधी ते माहीत नाही. आठ आठवडे. कॅप्सूल मी भरायच्या, कोणत्या दिवशी काय ते मीच ठरवायचं, आणि त्याची यादी पाकिटात बंद करून ठेवायची. शिवाय रोज मी त्यांच्याकडे बघून एका वहीत नोंद करायची. त्या स्वतःची वेगळी वही लिहिणार. शेवटी पाकीट फोडायचं आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या.

"वाटलं ते लिहू नको," त्या म्हणाल्या. "दिसलं ते लिही."

मात्रेचा आकडा त्यांनी मला चिठ्ठीवर लिहून दिला. तो मी इथे लिहिणार नाही.

मी घरी गेले ती पर्समध्ये पुडी घेऊन. रस्त्यात एक पोलीस गाडी उभी होती, हवालदार टपरीवर चहा पीत होता. मी पर्स काखेत दाबून रस्ता ओलांडला. घरी आल्यावर पुडी आधी तांदळाच्या डब्यात ठेवली, मग काढून शिलाई मशीनच्या खणात, मग पुन्हा पर्समध्ये. नवऱ्याने विचारलं, "काय शोधून राहिलीस?" मी म्हटलं, "सुई."

दोन दिवस मी मोबाइलवर वाचत होते. कुठे लिहिलं होतं की फायदा होतो, कुठे लिहिलं होतं की नुसत्या विश्वासाचा परिणाम आहे, अजून नक्की कुणालाच ठाऊक नाही. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा येत होती: ज्यांच्या रक्ताच्या नात्यात कुणाचं मन भ्रमिष्ट झालेलं असेल, त्यांनी यापासून लांब राहावं. आणि मला मॅडमचे वडील आठवले. मॅडमनीच एकदा सांगितलं होतं, शेवटची काही वर्षं ते एकटेच बोलायचे, कुणीतरी मारायला येतंय म्हणून माळावर पळायचे, तांड्यातल्या लोकांनी त्यांना काही दिवस बांधून ठेवलं होतं.

मी शाळेत जाऊन ते विचारलं. मॅडमचा चेहरा दगडासारखा झाला.

"माझा बाप येडा नव्हता. एकटा व्हता." आणि त्या वर्गावर निघून गेल्या.

रविवारी सकाळी सासूबाई बुद्धवंदनेसाठी विहारात गेल्या. मी स्वयंपाकघराचं दार लोटलं. हिंगोलीच्या मेडिकलमधून रिकाम्या कॅप्सूल आणल्या होत्या. दुकानदाराने कशाला विचारलं तेव्हा मी म्हटलं, हळदीची पावडर भरायची, गुडघ्यासाठी. आमच्याकडे हे कुणालाही पटतं. मी ज्वारीचं पीठ तपकिरी होईपर्यंत भाजलं. मग पुडी उघडून समोर ठेवली आणि बराच वेळ बघत राहिले. शेवटी पुडी बंद केली. सगळ्या कॅप्सूल पिठाच्या भरल्या. एकूण एक.

पाकिटात मात्र खोटी यादी लिहिली. सोमवारी खरी, मंगळवारी पीठ, बुधवारी पीठ, गुरुवारी खरी, असं. लिहिताना माझा हात कापला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. मला एवढंच दिसत होतं की ही बाई माळावर पळतेय आणि तिच्या मागे कुणी नाही.

रोज सकाळी प्रार्थनेच्या घंटेआधी मॅडम प्रयोगशाळेत येऊन कॅप्सूल गिळायच्या. मी पाण्याची बाटली पुढे करायची आणि मग दिवसभर बघत राहायची. माझ्या वहीतल्या सुरुवातीच्या नोंदी अशा आहेत: 'डबा अर्धाच खाल्ला. फळ्यावर रेघ हलली. तोट्या तीनदा, शिवाय फाटकावरून मला परत पाठवलं.' 'हात थरथरत होते, परीक्षानळी फुटली. पोरींना रागावल्या नाहीत, स्वतःला रागावल्या.' प्रयोग सुरू करण्याआधीच्या आठवड्याच्या नोंदीही होत्या, कारण मॅडम म्हणाल्या होत्या, आधीचं माहीत नसेल तर नंतरच्याला किंमत नाही.

खरी भुकटी मी एका तपकिरी बाटलीत भरून, 'निकामी' अशी चिठ्ठी डकवून, आम्लांच्या कपाटात मागे ठेवली होती. टाकून का दिली नाही? कदाचित मला वाटत असेल, की बाटली आहे तोवर मी खोटी नाही, नुसती थांबलेली आहे. तिसऱ्या आठवड्यात अचानक प्रयोगशाळेच्या तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. मॅडम वर्गावर होत्या. साहेबांनी नोंदवही काढायला लावली आणि एकेक बाटली हातात घेऊन बघू लागले. ते मागच्या रांगेपर्यंत गेले. तपकिरी बाटली उचलली, बूच काढलं आणि वास घेतला.

"हे काय आहे?"

"निकामी आहे, सर."

"ते दिसतंय. याला तर बुरशी आलीय." त्यांनी नाक मुरडून बाटली माझ्या हातात दिली. "असलं कशाला ठेवता? टाकून द्या."

साहेब गेल्यावर मी ती भुकटी बेसिनमध्ये ओतली आणि नळ सोडून उभी राहिले. पाणी स्वच्छ झालं तरी नळ बंद करायचं सुचत नव्हतं.

चौथ्या आठवड्यापासून मॅडम सुधारू लागल्या. हे मी कसं सांगू? मला आनंद होत होता आणि त्या आनंदाला तोंड दाखवायची चोरी होती. त्या डबा संपवू लागल्या. तोट्या तीनदाऐवजी एकदा. एके दिवशी फाटकावर थांबल्या, मी परत जायला वळले, तर म्हणाल्या, "राहू दे." वर्गातून पोरींच्या हसण्याचे आवाज येऊ लागले. मग वसमतला तालुक्याबाहेरच्या शाळांसाठीसुद्धा विज्ञान प्रदर्शन होतं, आणि मॅडम अकरा पोरींना घेऊन एसटीने गेल्या. मी सोबत होते. माझं सगळं लक्ष त्यांच्या हाताकडे, आता घंटीकडे जातो की मग. तो हात मांडीवर पडून होता. खिडकीबाहेर पिवळी पडत आलेली हळद, कापसाच्या गाड्या, साखर कारखान्याचा धूर, आणि मॅडम पोरींना धूर वर का जातो ते समजावत होत्या.

परत येताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "आज खरी व्हती ना?"

"सांगायचं नाही असं ठरलंय."

"नगं सांगू. मला कळून राहिलंय. ज्या दिवशी खरी असती त्या दिवशी झाडं जरा जास्त हिरवी दिसतात." आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या. "दिसतात, वंदना. वाटत न्हाई, दिसतात."

मी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

मी ठरवलं होतं की काही बोलायचंच नाही. आठ आठवडे संपतील, खोटी यादी निघेल, त्यांच्या अंदाजाशी कुठे जुळेल कुठे नाही, त्या म्हणतील पुरावा अपुरा आहे, आणि विषय संपेल. त्या बऱ्या राहिल्या म्हणजे झालं. पण सातव्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "शिंदेंच्या सविताला बी देऊ."

शिंदे आमचे क्लार्क. त्यांची बायको सविता बाळंत होऊन चार महिने झाले होते. ती घराबाहेर पडत नव्हती, लेकराला दूध पाजताना रडायची, आणि एकदा शिंद्यांना म्हणाली होती, की मला हे लेकरू धरायची भीती वाटते. शिंदे हे स्टाफरूममध्ये सांगताना भिंतीकडे बघत होते.

"मी प्रकाशला फोन केला," मॅडम म्हणाल्या. "आणखी धाडतो म्हणाला. आपल्याकडं पुरावा हाय आता. ती पोरगी तिथं मरून राहिली, अन् आपण औषध कपाटात ठेवून बसायचं?"

अंगावर पाजणारी बाई. चार महिन्यांचं लेकरू. आणि माझ्या पिठाच्या जोरावर तिच्या पोटात खरी भुकटी जाणार.

"मॅडम, बसा," मी म्हटलं.

त्या बसल्या नाहीत. मी उभ्यानेच सांगितलं. कपाटातून पाकीट काढून त्यांच्यासमोर फाडलं आणि म्हटलं, "ही यादी खोटी आहे. सगळ्या पिठाच्या होत्या."

"सगळ्या?"

"व्हय."

"एक बी खरी न्हाई?"

"न्हाई. भुकटी मी बेसिनमध्ये ओतली."

त्यांनी टेबलाची कड धरली. बाहेर मैदानावर पोरी खो-खो खेळत होत्या, कुणीतरी बाद झाल्याची शिट्टी वाजली.

"काहून केलंस असं?"

"तुमच्या वडिलांमुळं. मला भीती वाटली."

"तुला भीती वाटली," त्या हळू म्हणाल्या. "अन् माझ्या भीतीसंगं तू खेळलीस." मग त्यांनी स्वतःची वही उचलली, त्यातली पानं भराभरा उलटली, आणि वही टेबलावर टाकली. "झाडं हिरवी दिसली म्हणून लिहिलंय मी. सही केलीय खाली."

त्या दिवशी त्या तोट्या न तपासता गेल्या. एकदाही नाही. मी कितीतरी वेळ दारात उभी होते.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. फोन बंद. खोलीला कुलूप. मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज आला होता, त्यात कारण लिहिलं होतं 'वैयक्तिक'. मी वर्गावर्गात साहित्य पोचवत होते आणि डोक्यात एकच चालू होतं: तांड्याजवळ विहीर आहे. मॅडमनीच कधीतरी सांगितलं होतं, खोल आहे म्हणून. चौथ्या दिवशी शाळेत कुणाला न सांगता मी एसटीने कळमनुरीला गेले, तिथून काळीपिवळी जीपने, आणि मग माळावरून चालत.

तांड्याच्या कडेला हळद शिजवणं चालू होतं. वाफेचा ढग, आणि वास असा की डोळ्यांत पाणी यावं. मॅडमच्या आईने मला पाहिलं आणि काही न विचारता हात करून दाखवलं. मॅडम वाळत घातलेल्या हळदीशेजारी बसून एकेक कांडी उलटी करत होत्या. नखांपर्यंत हात पिवळे झाले होते, आणि डोळ्यांखाली काळं. चार दिवस झोप नव्हती हे विचारायची गरज नव्हती.

मी शेजारी बसले. मीही कांड्या उलटू लागले. बऱ्याच वेळाने त्या बोलल्या.

"मी तुझ्यावर रागावून न्हाई आले. म्हंजे, राग हाय. पण त्यापायी न्हाई आले."

"मग?"

"पीठ खाऊन बरी झाले, वंदना. ज्वारीचं पीठ." त्यांनी हातातली कांडी खाली टाकली. "मग आजार बी खोटाच व्हता का? लोक म्हणायचे, बाईला काम न्हाई, लेकरंबाळं न्हाई, म्हणून नाटकं सुचतात. तेच खरं का मग? इतकी वर्षं मी नाटक करून राहिले व्हते?"

मी एवढी घाबरून त्यांच्यापर्यंत आले होते, माझ्या गुन्ह्याची माफी मागायला; आणि त्या आपल्याच गुन्ह्याचा विचार करत बसल्या होत्या, जो त्यांनी केलाच नव्हता. मी पिशवीतून माझी वही काढली. पहिली पानं, प्रयोगाच्या आधीची. वाचून दाखवली. कोणत्या तारखेला किती घास खाल्ले. हात किती वेळ थरथरला. बसमधून कुठे उतरल्या, घाम किती आला होता, ओठ कसे पांढरे पडले होते.

"हे मला वाटलेलं न्हाई, मॅडम," मी म्हटलं. "दिसलेलं हाय. नाटक करणाऱ्याचे ओठ पांढरे व्हत न्हाईत."

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली. कागदावर पिवळी बोटं उमटली. त्यांनी पुढची पानंही वाचली, सुधारल्याची, शेवटपर्यंत. मग विचारलं, "हे बी दिसलेलंच ना?"

"व्हय. तेबी."

आईने दोन कप काळा चहा आणून ठेवला, तो निवून गेला. मग मॅडम म्हणाल्या, "मला एकटीला दवाखान्यात जायचं व्हणार न्हाई."

आम्ही हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टर वयाने मॅडमपेक्षा बऱ्याच लहान होत्या. मॅडमनी सगळं सांगितलं: सोडलेल्या गोळ्या, पुडी, पीठ, वडील. माझं नाव सांगताना मान वळवून माझ्याकडे बघितलंही. मला वाटलं, आता पोलिसांना फोन जाणार. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आधी वडिलांविषयी विचारलं, मग झोपेविषयी. पिठाबद्दल त्या म्हणाल्या, "पिठाने आराम पडला म्हणून आजार खोटा ठरत नाही. दुखणं खरं असतं आणि आरामही खरा असतो. पण तो किती टिकेल ते सांगता येत नाही." अळंबीबद्दल म्हणाल्या, संशोधन चालू आहे, उद्या त्यातून काही औषध निघेलही, पण तुमच्या घरात जे घडलंय ते बघता ही गोष्ट तुमच्यासाठी धोक्याची आहे, आणि पाजत्या आईसाठी तर विचारही करू नका.

"मग या आठवड्यांत मी बरी कशानं झाले?" मॅडमनी विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं? रोज कुणीतरी तुमच्याकडे नीट लक्ष देत होतं, त्याने?"

मॅडमनी मान हलवली. "तसं म्हणता येईल. पण ते बी सिद्ध व्हत न्हाई."

डॉक्टर हसल्या. मीही हसले, कितीतरी दिवसांनी. त्यांनी वेगळी गोळी लिहून दिली, कमी मात्रेची, आणि दर पंधरा दिवसांनी बोलायला यायला सांगितलं. नवी गोळी लागू पडायला महिना गेला. त्या महिन्यात मॅडम दोनदा बसमधून उतरल्या. प्रकाशला त्यांनी माझ्यासमोर फोन केला. "काही धाडू नको. अन् तू बी तुझ्या डोक्याची तपासणी कर. बाप तुझा बी व्हता."

सविताला दवाखान्यात न्यायचं काम त्यांनीच केलं. शिंदे तयार नव्हते. लोक काय म्हणतील, माहेरचे काय म्हणतील. मॅडम त्यांच्या घरी गेल्या, लेकराला मांडीवर घेतलं आणि सविताला म्हणाल्या, "चल, माझी बी तारीख हाय." मी त्या दिवशी सोबत होते. मानसोपचार विभागाच्या बाहेर बाकड्यावर गर्दी होती. समोरच आमच्या शाळेतल्या एका नववीच्या मुलीचे वडील बसले होते, आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन. मॅडमला बघून ते उठून उभे राहिले.

"मॅडम, तुमी इथं? कुणाला आणलंय?"

सविता अंग चोरून बसली. मी काहीतरी खोटं तयार करत होते, की शाळेचं काम आहे, माहिती गोळा करायची आहे. मॅडमनी हातातला केसपेपर त्यांच्यासमोर धरला. बोटं थरथरत होती, मला दिसली.

"कुणाला न्हाई. मी पेशंट हाय," त्या म्हणाल्या. "बसा तुमी. नंबर यायला येळ हाय."

ते गृहस्थ बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "माझी माय रातभर झोपत न्हाई हो मॅडम, तकलीफ हाय लई," आणि बोलत राहिले. सविताने लेकरू एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं.

जूनमध्ये संस्थेने मॅडमची बदली आपल्या दुसऱ्या शाळेत केली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, नारळ दिला, पोरी रडल्या. स्टँडवर मी त्यांची बॅग घेऊन उभी होते. इतके दिवस जे विचारायचं टाळलं होतं ते शेवटी विचारलं.

"मॅडम, मी बराबर केलं का चूक?"

त्यांनी नेहमीसारखा विचार केला, खरोखर विचार, उत्तर आधी तयार नसलेला.

"खरी भुकटी घेतली असती तर काय झालं असतं, ते आता कुणालाच कळणार न्हाई. म्हणून बराबर का चूक, ते मला ठरवता येत न्हाई. कदाचित तू मला वाचवलं असशील." मग माझ्या दंडाला धरलं, जरा जोरातच. "पण मला 'मी भरणार न्हाई' असं तोंडावर म्हणायचं व्हतंस. भांडायचं व्हतंस माझ्यासंगं. मी आजारी व्हते, लहान लेकरू न्हवते. मला न विचारता माझ्यासाठी परत कधी ठरवू नको. माझ्यासाठीच न्हाई, कुणासाठीच. कळलं?"

"व्हय."

बस आली. त्या चढल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही.

आता आम्ही अधूनमधून फोनवर बोलतो. त्या गोळी घेतात, डॉक्टरांकडे जातात, काही आठवडे चांगले जातात, काही नाही. परवा दुपारी फोन केला तर आवाज खोल गेलेला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आज चांगली न्हाई. सकाळपासून घोडं पळून राहिलंय. डॉक्टरांना फोन केलाय, उद्या बोलावलंय." मी म्हटलं, मी येते. त्या म्हणाल्या, "नगं. मला तू लागलीस तर मी सांगीन. तू यायचं काम न्हाई."

मी फोन ठेवला. कपाटातून पिशवी काढली, एक साडी भरली, टॉवेल भरला, चप्पल घातली, दारापर्यंत गेले. बस सव्वातीनला होती. उंबऱ्यावर उभी राहून मी घड्याळ बघत होते. सव्वातीन झाले. मग मी आत आले, साडी काढून घडी करून जागेवर ठेवली, टॉवेल दोरीवर टाकला, आणि फोन समोर ठेवून बसून राहिले.